तांब्याच्या कांडीची दिशा : लाउए फोटोंच्या कामाच्या नोंदी, पुणे

३ मार्च २०२५, सोमवार

आजपासून नोंदी लिहायला घेतल्या. कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्ये दोन प्रकारचा माल आहे. एक, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. त्यांच्यात दोन-दोन, तीन-तीन सेंटिमीटरचे दाणे, म्हणजे एकेक अखंड स्फटिक, वाढलेले आहेत. त्यांची दिशा, म्हणजे आतली अणूंची प्रतलं कुठे तोंड करून आहेत ते, काढायची आणि मग पट्ट्या टेन्साइल मशिनवर ओढून स्लिप रेषा (प्रतलं एकमेकांवर सरकल्याच्या खुणा) गणिताशी जुळतात का ते पाहायचं. दोन, ग्राफाइटच्या साच्यात वाढवलेली १२ मिमी व्यासाची तांब्याची कांडी. सगळी कांडी एकच स्फटिक आहे. तिच्यातून १०० प्रतलाला समांतर चकत्या कापायच्या आहेत. (१००, ११०, १११ ही प्रतलांची नावं; १०० म्हणजे स्फटिकाच्या मूळ घनाच्या पृष्ठाला समांतर प्रतल.)

पद्धत परतीच्या लाउए फोटोची. एक्स-रे किरण फिल्मच्या मधल्या भोकातून जातात, स्फटिकावर पडतात आणि मागे परतून फिल्मवर ठिपके उठवतात. जाड धातूतून किरण आरपार जात नाहीत, म्हणून परतीचाच फोटो घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनच्या झोताने दिशा काढणारा ईबीएसडीवाला मायक्रोस्कोप भाड्याने मिळतो, पण प्रत्येक कापणीनंतर तपासायला पुन्हा रांग लावायची म्हणजे महिने जातील. एक्स-रे जनरेटर आपल्या खोलीत आहे, त्याची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळाकडची) नोंदणी चालू आहे, अंगावर पडलेले किरण मोजणारे टीएलडी बॅज आहेत आणि शिशाच्या पेटीचं दार उघडलं की शटर पडतं. यातलं एक जरी नसेल तरी पुढचं काहीही करू नये.

जनरेटरवर तांब्याची ट्यूब होती. लाउएला पांढरा, म्हणजे सगळ्या तरंगलांबींचा, किरण लागतो आणि त्याची तीव्रता टार्गेटच्या अणुक्रमांकाच्या प्रमाणात वाढते. तांबं २९, टंग्स्टन ७४. म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला आणि करंटला अडीचपट किरण. कपाटात टंग्स्टनची जुनी ट्यूब होती, ती बसवली. ट्यूब बरीच वर्षं पडून असल्यामुळे व्होल्टेज पायरी-पायरीने चढवायचं, एकदम नाही. त्यातच दुपार गेली.

६ मार्च, गुरुवार

गुरुवारी पाणी बंद. ट्यूब थंड ठेवणारं पाणी नळाचंच, त्यामुळे फ्लो स्विच दर दहा मिनिटांनी जनरेटर पाडत होता. गच्चीवरच्या टाकीतून तात्पुरती लाइन घेतली तरी दाब पुरेना. यापुढे गुरुवारी एक्सपोजर नाही, त्या दिवशी फिल्म वाचायची आणि आकृत्या काढायच्या. ज्यांच्याकडे चिलर आहे त्यांना ही अडचण येणार नाही.

वेळ फुकट जाऊ नये म्हणून फिल्मचं पाहिलं. लाउएसाठी पूर्वी सर्रास वापरायचे ती झटपट फिल्म आता मिळत नाही. दवाखान्यातली फिल्म एक्स-रेने चमकणाऱ्या पडद्याबरोबर वापरायची असते, नुसत्या एक्स-रेला ती फार मंद. वेल्डिंग तपासणारे लोक वापरतात ती औद्योगिक फिल्म सर्वांत सोयीची, आणि भोसरी-पिंपरीकडे अशी तपासणी करणारे पुष्कळ आहेत. एका ओळखीच्या माणसाने १४ बाय १७ इंचाच्या काही शीट दिल्या. एका शीटमधून ४ बाय ५ इंचाचे नऊ तुकडे निघतात. लाल दिव्यात कापायचे आणि मध्ये पंचने ६ मिमीचं भोक पाडायचं.

या फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन, म्हणजे किरणांनी काळा पडणारा लेप, असतं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहून ठेवतोय, कारण पुढची सगळी भानगड इथून निघाली.

११ मार्च, मंगळवार

पहिलं एक्सपोजर स्फटिकाचं नाहीच. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मठारकाम केलेल्या तांब्याच्या पत्र्याचा एक छोटा तुकडा आणला होता, तोच लावला. ठोकून ठोकून त्यातले दाणे इतके बारीक आणि चेपलेले असतात की ठिपका उठायलाच नको, आणि उठलाही नाही. सगळी फिल्म एकसारखी करडी. यातून दोन गोष्टी कळल्या: होल्डरमध्ये उजेड शिरत नाही (कडा स्वच्छ होत्या) आणि तांब्याचा नमुना स्वतःच किती धूसरपणा टाकतो. तो भरपूर टाकतो. नव्याने काम सुरू करणाऱ्याने असा एक कोरा फोटो घ्यावाच, म्हणजे पुढे फिल्म काळी आली तर दोष कुठे शोधायचा ते कळतं.

नंतर ॲल्युमिनियमची पट्टी. ३५ किलोव्होल्ट, २० मिलिअँपिअर, अर्धा तास. डेव्हलपरमधून फिल्म वर काढली तर स्वच्छ जमिनीवर ठिपके, आणि ठिपक्यांच्या कमानी, फुगीर बाजू भोकाकडे केलेल्या. लॅबमधले काका इतकी वर्षं एक्स-रेच्या खोलीत काम करतात, तेही म्हणाले, "सर, हे तर रांगोळीसारखं आलंय." खरंच तसं दिसतं.

ॲल्युमिनियम एवढं सोपं का जातं तर त्याचं स्वतःचं फ्लुओरेसन्स (एक्स-रे पडल्यावर धातू स्वतः सोडतो ते किरण) ८.३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचं (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), ते हवेतच विरून जातं, फिल्मपर्यंत पोचत नाही. शिकायला सुरुवात करायची तर ॲल्युमिनियमनेच करावी.

पट्ट्यांची कृती इथेच लिहून ठेवतो, कारण विचारणा होते. कार्पेंटर आणि एलम यांनी १९२१ मध्ये दिलेली पद्धतच आहे: पट्टी आधी ५५० अंशांना भाजून मऊ करायची, मग १.६ टक्के ताणायची, मग ४५० अंशांपासून दिवसाला २५ अंश चढवत ५५० पर्यंत न्यायची आणि शेवटी ६०० ला थोडा वेळ. ताण थोडा जरी चुकला तरी दाणे लहान राहतात. दाणे दिसायला गरम कॉस्टिक सोड्याचं १० टक्के द्रावण आणि वर आलेली काजळी काढायला नायट्रिक ॲसिड. पुस्तकात दिलेलं हायड्रोफ्लोरिकवालं मिश्रण आम्ही वापरलं नाही. विद्यार्थ्यांच्या हाताखाली ते नकोच.

१७ मार्च, सोमवार

फिल्म वाचायला ग्रेनिंजरचा तक्ता आणि वुल्फ जाळं (दिशांमधले कोन कागदावर मोजायचं गोल जाळं) लागतं. तक्ता ३० मिमी अंतरासाठी आखलेला असतो आणि तो फिल्मवर ठेवून प्रत्येक ठिपक्याचे दोन कोन वाचायचे. झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक कागदावर छापून आणला. ठिपके वुल्फ जाळ्यावर टाकले आणि एकमेकांमधले कोन मोजले, तर एकही कोन प्रतलांमधल्या कोनांच्या कोष्टकाशी बसेना. सगळे थोडेथोडे जास्तच.

तक्त्यावरची मोजपट्टी स्टीलच्या पट्टीवर ठेवली तेव्हा कळलं. छापताना पान बसवण्यासाठी आकार आपोआप ९७ टक्के झाला होता. तक्ता लहान झाला की प्रत्येक ठिपका जास्त कोनावर वाचला जातो. छापल्यावर आधी मोजायचं, मग वापरायचं. जाळ्याचा व्यासही आडवा आणि उभा दोन्ही मोजावा, काही प्रिंटर एकाच दिशेने ताणतात.

नमुना ते फिल्म अंतरालाही तेवढंच महत्त्व आहे. अंतर ३० धरलं तर केंद्रापासून ३० मिमीवर पडलेल्या ठिपक्याचा कोन २२.५ अंश येतो. खरं अंतर ३१ असेल तर तो २२.० असायला हवा. एका मिलिमीटरला अर्धा अंश. बोहरी आळीतून पितळेचा रॉड आणून लेथवर बरोबर ३०.० मिमीचा गेज करून घेतला. दर एक्सपोजरच्या आधी तो नमुना आणि होल्डर यांच्यामध्ये धरून पाहायचा. शंभर-दीडशे रुपयांचं काम, पण त्याच्यामुळे हा प्रश्न कायमचा मिटला.

२० मार्च, गुरुवार

पाणी बंद, म्हणून वाचन.

ॲल्युमिनियमच्या फिल्मवर तीन ठिपके ठळक होते. पहिल्या दोघांमधला कोन ३५ अंश. लगेच ११० आणि १११ अशी नावं दिली (त्यांच्यातला खरा कोन ३५.२६). तिसरा ठिपका पहिल्यापासून ४५ वर. तो १०० धरावा तर १११ पासून ५४.७ वर पडायला हवा, आणि फिल्मवर तो तिथे नव्हता. बराच वेळ यात गेला.

कारण असं की ३५.२६ हा कोन १०० आणि २११ यांच्यातलाही आहे. तेवढ्यावर थांबत नाही, ५४.७४ हाही १००–१११ आणि ११०–२११ अशा दोन जोड्यांत येतो. घनाकृती स्फटिकांच्या कोष्टकात अशी जुळी पुष्कळ आहेत. म्हणून कोनावरून नाव ठरवायच्या आधी ठिपक्याकडे नीट पाहावं. ज्याच्यातून पुष्कळ कमानी जातात आणि ज्याच्याभोवतीची जागा मोकळी असते, तोच खालच्या अंकांचा ठिपका. आमच्या पहिल्या ठिपक्यातून चार ठसठशीत कमानी जात होत्या, तो १०० होता; दुसरा, जरा गर्दीत बसलेला, २११. मग ४५ वरचा तिसरा आपोआप ११० झाला आणि बाकीचे सगळे पटापट बसले.

मग संगणकावर ओरिएंट एक्स्प्रेस या मोफत प्रोग्रॅममध्येही तेच ठिपके घालून पाहिले. उत्तर अर्ध्या अंशात जुळलं. विद्यार्थ्यांनी सरळ प्रोग्रॅमच का वापरू नये, असं मॅडमनी विचारलं. वापरावा, पण दोन-तीन फिल्म हाताने वाचल्यावर. कमानी डोळ्यांत बसल्या नसतील तर प्रोग्रॅमने दिलेलं चुकीचं उत्तरही बरोबरच वाटतं.

२४ मार्च, सोमवार

आता तांबं. कांडीचं टोक हॅकसॉने कापलेलं होतं, एम्री पेपरने घासून तसंच लावलं. फिल्म जवळजवळ काळी. उजेडावर धरली तर ठिपक्यांच्या जागी लांबट, शेपट्या फुटलेले डाग.

यात दोन वेगवेगळे दोष होते आणि दोन्ही एकत्र सुधारायला गेलं तर कशाने काय झालं ते कळत नाही, म्हणून एकेक घेतला.

शेपट्या करवतीमुळे आलेल्या. कापताना वरचा थर वाकतो, स्फटिकाची प्रतलं त्या थरात वळलेली असतात आणि ठिपका ओढला जातो. तांब्याच्या बाबतीत हे जास्त जाचक. एक अँगस्ट्रॉमचे किरण तांब्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके खोल गेले की एक-तृतीयांशाच्या आसपास उरतात. ॲल्युमिनियममध्ये त्यांना तेवढं कमी व्हायला पाव मिलिमीटर लागतं. म्हणजे ॲल्युमिनियमचा फोटो आतल्या धातूचा येतो, तांब्याचा फक्त सालीचा. साल खराब असेल तर फोटो खराबच येणार. नायट्रिक ॲसिड आणि पाणी निम्मं-निम्मं, फ्यूम हूडमध्ये, थोडा थोडा वेळ बुडवून मध्ये धुवायचं. लालसर तपकिरी धूर निघतो, तो विषारी आहे, हूडचा पंखा आधी तपासावा. मायक्रोमीटरने पाहत दोन-तीन दशांश मिलिमीटर काढल्यावर पुढच्या फिल्मवर शेपट्या गेल्या.

काळेपणा मात्र तसाच राहिला. तो फ्लुओरेसन्सचा: १.३८ अँगस्ट्रॉमपेक्षा आखूड किरण तांब्यावर पडले की तांबं स्वतः १.५४ अँगस्ट्रॉमचे किरण सगळीकडे फेकतं आणि फिल्म धुरकटते. उपाय स्वयंपाकघरातला. ॲल्युमिनियम फॉइलचे आठ पदर, मिळून सुमारे ०.१ मिमी, फिल्मच्या पुढे लावले. तांब्याच्या त्या किरणांपैकी जेमतेम चौथा हिस्सा यातून पार होतो, आणि ०.७ अँगस्ट्रॉमच्या आसपासचे कामाचे किरण ८५ टक्क्यांहून जास्त. एक्सपोजर पाऊण तासावर न्यावं लागलं, पण ठिपके जमिनीतून वर आले. फॉइल फिल्मपुढे लावायचं, ट्यूबपुढे नाही. ट्यूबपुढे लावलं तर नुसता मूळ किरण कमी होतो, तांब्याचा धूर तसाच फिल्मवर येतो.

१ एप्रिल, मंगळवार

पाडव्याच्या सुट्टीनंतर कांडीची फिल्म वाचली. १०० चा ध्रुव, म्हणजे त्या प्रतलाला लंब दिशा, कांडीच्या अक्षापासून सुमारे ११ अंशांवर: आडव्या दिशेने ९, उभ्या दिशेने ६. गोनिओमीटरवर (नमुना मोजून कोनात फिरवायच्या साधनावर) तेवढं उलट फिरवून बसवलं आणि त्याच स्थितीत कांडी कापायच्या फिक्स्चरमध्ये चिकटवली.

वायरकटचं, म्हणजे विजेच्या तारेने कापायचं, काम भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. मशिनवर चढवल्यावर तिथल्या दादांचा फोन, "सर, पीस करंट घेईना." एपॉक्सीने चिकटवलेली कांडी आणि फिक्स्चर यांच्यात वीजच जात नव्हती. वायरकट हा ठिणगीचा खेळ, नमुना आणि टेबल जोडलेलं हवंच. कांडी आणि फिक्स्चर यांच्यावर सिल्व्हर पेंटची एक रेघ ओढल्यावर काम सुरू झालं. चिकटवताना ही रेघ आधीच ओढून पाठवावी, कारण मशीन थांबलं तरी तासाचं बिल चालू राहतं.

८ एप्रिल, मंगळवार

चकती आली. कापलेल्या पृष्ठभागावर ठिणग्यांनी वितळून पुन्हा थिजलेला पातळ थर असतो, तो ॲसिडने काढला आणि फोटो घेतला. १०० चा ठिपका केंद्राजवळ हवा होता. तो २१.८ मिमीवर पडला, म्हणजे १८ अंश चूक.

चकती गेली, तिच्याबरोबर तेवढं तांबं आणि कापणीचे नऊशे रुपये. पण १८ या आकड्यानेच रोग सांगितला. ठिपका बरोबर आडव्या रेषेवर होता, उभी चूक जवळजवळ शून्य. आडवी दुरुस्ती ९ अंशांची होती आणि चूक तिच्या नेमकी दुप्पट. म्हणजे उभं बरोबर फिरवलं गेलं आणि आडवं उलट्या बाजूला. फिल्म डावी-उजवी उलटी वाचली गेली होती.

हे कसं झालं? फिल्म भरणारे आम्ही दोघे. खूण म्हणून डावीकडचा वरचा कोपरा कापायचा असं ठरलेलं, पण एकजण होल्डर उताणा ठेवून कापतो आणि दुसरा पालथा. एकाचा डावा तो दुसऱ्याचा उजवा. एका बाजूला इमल्शन असलेल्या फिल्मवर हे लगेच लक्षात आलं असतं, कारण एक बाजू चकचकीत आणि एक मंद दिसते. या फिल्मच्या दोन्ही बाजू सारख्याच.

मला यात सर्वांत जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे: फिल्म उलटी असली तरी वाचताना काहीही खटकत नाही. तांब्यासारख्या घनाकृती स्फटिकाची रचना आरशातही तीच राहते. त्यामुळे उलट्या फिल्मवरही सगळे कोन बसतात, सगळ्या ठिपक्यांना नावं मिळतात आणि प्रोग्रॅमही तेवढ्याच विश्वासाने उत्तर देतो. गणितात कुठेच इशारा मिळत नाही, तो कापून झाल्यावरच मिळतो. म्हणून हाताची बाजू, म्हणजे डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते, गणिताच्या बाहेर, वस्तूवरच बांधून ठेवावी लागते.

१५ एप्रिल, मंगळवार

बांधायची कशी यावर आठवडा गेला, आणि उन्हाळ्याने त्यात भर घातली. डेव्हलपर २० अंशांना पाच मिनिटं वापरायचा असतो. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला कोमट लागतं, फिल्म करपल्यासारखी धुरकट येते आणि तो धूर तांब्याचा की डेव्हलपरचा हे ओळखता येत नाही. आता डेव्हलपरचा ट्रे मोठ्या परातीत ठेवतो, परातीत बर्फाचं पाणी. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होतो. थर्मामीटर ट्रेतच राहू द्यायचा. शक्यतो सकाळी आठच्या आत सगळं आटपायचं.

आता खूण. सोल्डरच्या तारेचा एक तुकडा वाकवून 'र' केला आणि फॉइलवर, स्फटिकाच्या बाजूने पाहिल्यावर सरळ वाचता येईल असा, वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवला. तांब्याचं जे फ्लुओरेसन्स आम्ही इतके दिवस अडवत होतो, त्यातलं उरलेलं आता उपयोगी पडलं: ते सगळीकडून फिल्मवर येतं, सोल्डर त्याला अडवतो आणि करड्या जमिनीवर पांढरा 'र' उमटतो. फिल्म उलटी धरली तर 'र' उलटा दिसतो. दोघांपैकी कोणीही, कशीही भरली, कुठलाही कोपरा कापला, तरी चुकायला वाव नाही. अक्षर असं निवडावं की आरशात ते वेगळं दिसेल. 'ठ' घेतला असता तर काही उपयोग नव्हता.

ॲल्युमिनियमला हा 'र' फिकट येतो, कारण तिथे धूरच नसतो. त्यासाठी एक्सपोजर संपल्यावर त्याच होल्डरसमोर, काहीही न हलवता, मठारलेल्या तांब्याचा तुकडा धरून दोन मिनिटं जास्त द्यायची. अक्षर स्वच्छ उमटतं.

शिवाय एक चाचणी. गोनिओमीटर आडव्या दिशेने ५ अंश फिरवून दुसरा फोटो घ्यायचा. स्फटिक ५ अंश फिरला की परतीचा किरण १० अंश फिरतो, म्हणजे केंद्राजवळचा ठिपका साधारण ५.३ मिमी सरकायला हवा. किती सरकला त्यावरून अंतर तपासलं जातं, आणि कुठल्या बाजूला सरकला त्यावरून हाताची बाजू. आमच्या जुन्या फिल्मच्या जोडीला ही चाचणी लावली असती तर चकती वाचली असती. दोन एक्सपोजर म्हणजे दीड तास, पण कापणीच्या आधी हा दीड तास द्यायचाच असा लॅबचा नियम केला.

कांडीवरची खूणही बदलली. मार्करची रेघ ॲसिडमध्ये जाते, वर्कशॉपमध्ये धुतली तरी जाते. आता कांडीच्या पूर्ण लांबीवर कानशीने एक बारीक खाच पाडली आहे. कितीही चकत्या कापल्या तरी प्रत्येकीच्या कडेला वरची बाजू लिहिलेली राहते. खाचेजवळचा धातू थोडा दुखावतो, म्हणून फोटो चकतीच्या मध्यावर घ्यायचा.

२२ एप्रिल, मंगळवार

दुसरी चकती. कापण्याआधी 'र' पाहिला, ५ अंशांची चाचणी केली, सिल्व्हर पेंट ओढला.

एक अडचण नवीन. चकती बरोबर असेल तर १०० चा ठिपका किरणाच्याच वाटेने परत येतो आणि फिल्मच्या भोकात पडतो. ६ मिमीच्या भोकात जवळपास ३ अंशांच्या आतलं सगळं गडप होतं. म्हणजे "ठिपका दिसत नाही" याचा अर्थ फक्त तीन अंशांच्या आत आलो, एवढाच.

मग बाजूचे चार ठिपके मोजले. १०० पासून ३११ चे ध्रुव २५.२४ अंशांवर, चारी बाजूंना. चकती अगदी बरोबर असेल तर चारही केंद्रापासून ३६.४ मिमीवर. आमचे आले ३८.० आणि त्याच्या समोर ३४.९, दुसरी जोडी ३६.२ आणि ३६.६. पहिल्या जोडीतल्या तीन मिलिमीटरच्या फरकाचा अर्थ ०.६ अंशांचा कल, दुसऱ्या दिशेने जवळपास काहीच नाही. केंद्रातला ठिपका दिसला असता तरी एवढं बारीक मोजता आलं नसतं, कारण ०.६ अंशाला तो पाऊण मिलिमीटरही सरकत नाही. आता अंदाजे दिशा केंद्राजवळच्या ठिपक्यांवरून आणि शेवटची दुरुस्ती या लांबच्या जोड्यांवरून, अशी पद्धत ठेवली आहे.

०.६ अंश आमच्या कामाला चालतो. चकती १२ मिमीची, म्हणजे एका कडेला सव्वा दशांश मिलिमीटर जास्त. तेवढं बारीक एम्रीवर, एका बाजूला दाब देऊन उतरवलं आणि पुन्हा ॲसिड. पुढच्या फोटोत दोन्ही जोड्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळल्या.

२ मे, शुक्रवार

ॲल्युमिनियमच्या पट्टीचं काम राहिलं होतं. टेलर आणि एलम यांनी १९२३ मध्ये ॲल्युमिनियमच्या स्फटिकांची दिशा एक्स-रेने काढली, ते ओढले आणि सरक (स्लिप) १११ प्रतलांवर होते हे दाखवलं. आम्हाला तेच, छोट्या प्रमाणात, विद्यार्थ्यांसमोर करायचं होतं.

यात माझा एक स्वार्थही होता. 'र' वर विश्वास आहे, पण त्याची परीक्षा फिल्मच्या बाहेरच्या कशानेतरी व्हायला हवी होती. स्लिप रेषा ती परीक्षा घेतात: दिशा उलटी वाचली असेल तर गणितातल्या रेषा पट्टीवर उलट्या बाजूला कलतील.

फिल्मवरून बारा सरक-पद्धतींचं (सरकणारं प्रतल आणि सरकायची दिशा यांच्या जोड्यांचं) श्मिड गुणक काढलं; ज्याचं मोठं ती पद्धत आधी सरकते. सर्वांत मोठं ०.४७, आणि दुसऱ्या क्रमांकाचं त्याच्यापासून बरंच लांब, त्यामुळे एकच प्रतल आधी सरकणार हे नक्की होतं. त्याच्या रेषा पट्टीच्या लांबीशी ५२ अंश करून वर उजवीकडे कलायला हव्या होत्या. हे फळ्यावर लिहून ठेवलं, मगच पट्टी मशिनवर चढवली. पट्टी आधी बारीक एम्रीने आणि मग धातू चकाकवायच्या पेस्टने आरशासारखी केलेली. खरखरीत पट्टीवर रेषा दिसत नाहीत. पॉलिशनंतर ॲसिडचा अगदी हलका हात द्यायचा, म्हणजे पॉलिशने दुखावलेला थर जातो.

दोन टक्के ताणाच्या आसपास, टेबल लॅम्प आडवा धरल्यावर, मोठ्या दाण्यावर रेषा दिसायला लागल्या. सगळ्या एकमेकींना समांतर आणि दाण्याच्या सीमेपाशी येऊन थांबलेल्या. कोनमापक लावला: ५३ अंश, वर उजवीकडे.

एका विद्यार्थिनीने विचारलं की शेजारच्या दाण्याच्या रेषा डावीकडे का कलतात. त्या दाण्याची फिल्म अजून घेतलेली नाही. सोमवारी तीच घेणार, आणि गणित या वेळी ती करणार आहे. तांब्याच्या उरलेल्या कांडीतून अजून तीन चकत्या निघतील, त्यांचं फिक्स्चर तयार आहे, सिल्व्हर पेंट मात्र संपत आला आहे.